दुष्काळी मुलखातला नौकापटू

कळवण : तालुक्यात चणकापूर आणि पुनद ही दोन धरणे आहेत. देवळ्यापलीकडचा चांदवड तालुका मात्र पाण्यासाठी आसुसलेला. ऑलिम्पिकमधील नौकानयनपटू घडला तो या कोरड्या तालुक्यातून, आणि तोही गाव सोडल्यावर.

तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ यांचे वडील विहिरी खोदत. २०११ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि घराची जबाबदारी दत्तूंवर आली. २०१२ मध्ये ते पुण्याच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. उंची पाहून त्यांना नौकानयनासाठी निवडण्यात आले. कुद्रत अली यांनी शिकविले. चार वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, ते एकेरी स्कल्स प्रकारात तेरावे आले. त्या स्पर्धेतील ते एकमेव भारतीय नौकानयनपटू होते.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत आजारपणामुळे ते शेवटचे आले. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह त्यांनी सुवर्णपदक जिंकले. तरीही एकेरीत जाणीवपूर्वक शर्यत सोडल्याचा ठपका ठेवून महासंघाने २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०२० मध्ये ती उठली व त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही मिळाला. मात्र ऐन उमेदीचे महिने हातचे गेले. खेळाडूची बाजू मांडणारी भक्कम यंत्रणा नसली की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. टोकियोत अकरावे आलेले अर्जुनलाल जाट व अरविंद सिंग आणि २०२४ मध्ये पॅरिसला गेलेले बलराज पन्वर हे तिघेही लष्कराचेच. याचा अर्थ असा की, सैन्यात भरती होईपर्यंत ग्रामीण मुलाच्या अंगच्या गुणांची कोणालाही ओळख पटत नाही. तोवर विशीही उलटून जाते.

धरणांवर कायमची शर्यतपट्टी आखणे अवघड आहे, हे मान्य. ते पाणी प्रथम पिण्याचे व शेतीचे. उन्हाळ्यात पातळीही खालावते. परंतु वल्हवण्याच्या सराव-यंत्राला धरण लागत नाही. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळवणमध्येच आहे. आश्रमशाळांतील उंच, काटक मुला-मुलींची चाचणी त्या यंत्रावर घेऊन निवडक मुलांना पुण्यास पाठविणे या कार्यालयाला अशक्य नाही. सत्कारांवरचा खर्च त्याकडे वळविला, तर पुढच्या दत्तूला भरतीच्या मैदानापर्यंत वाट पाहावी लागणार नाही.