स्वाक्षरीची वही

संग्रह करण्याची हौस मनुष्याला फार पूर्वीपासून आहे. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, तर कोणी नदीकाठचे रंगीत गोटे. थोरामोठ्यांच्या स्वाक्षऱ्या व छायाचित्रे जमविणे हाही असाच एक छंद होय. सोळाव्या शतकात जर्मनीतील विद्यापीठांत शिकणारे विद्यार्थी एक लहानशी वही जवळ बाळगीत. त्यांचे गुरुजन आणि स्नेही तीत स्वहस्ते एखादे सुवचन लिहीत व खाली आपले नाव घालीत. ज्यांच्यापाशी आपण काही शिकलो, ज्यांच्या सहवासात दिवस घालविले, अशांचीच नावे त्या वहीत असत. आजच्या स्वाक्षरीच्या वहीचे मूळ अशा वह्यांत सापडते.

परंतु आज हा छंद पुष्कळदा निराळ्याच रीतीने चालतो. गोंदिया जिल्ह्यात दिवाळी झाली आणि धानाची कापणी उरकत आली, की गावोगावी मंडई भरू लागते. रात्री झाडीपट्टीचे नाटक असते. आसपासच्या खेड्यांतील हजारो माणसे थंडीत घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत ते पाहत बसतात. कधी कधी या नाटकांत मुंबईहून आलेला एखादा चित्रपटातील नट काम करतो. मग त्याच्या भोवती मुलांची एकच झुंबड उडते. कोणी वही पुढे करतो, कोणी भ्रमणध्वनी उंच धरून त्याच्यासह आपले छायाचित्र टिपून घेतो. नट गाडीत बसून निघून जातो आणि मुले आनंदाने घरी परततात. मात्र त्या नटाने आजवर कोणती कामे केली, ही कला तो कोठे व कशी शिकला, असे त्यांतील एखाद्याला विचारले, तर पुष्कळदा त्याला काहीच सांगता येत नाही.

त्याच नाटकात गावाकडचे नटही असतात. त्यांच्यापैकी कोणी दिवसा शेतात राबतो, कोणी मजुरी करतो, तर कोणी शाळेत शिकवितो. आणि रात्री रंगभूमीवर उभा राहून साऱ्या गावाला हसवितो, रडवितो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील ही रंगभूमी मुख्यतः अशाच माणसांनी जिवंत ठेवली आहे. पण त्यांच्यापुढे वही कोण धरतो? ते ओळखीचे, रोजच्या पाहण्यातले. म्हणून त्यांची थोरवी मुलांच्या लक्षात येत नाही. हीच या छंदातील मोठी उणीव आहे.

स्वाक्षरी ही फुकट मिळविण्याची वस्तू नव्हे, हे महात्मा गांधींनी लोकांना चांगले शिकविले. १९३३ च्या नोव्हेंबर महिन्यात वर्ध्याहून त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचा मोठा दौरा सुरू केला. त्या काळी स्वाक्षरी मागणाऱ्याकडून ते पाच रुपये घेत आणि ती रक्कम त्या कार्याच्या निधीत जमा करीत. तेव्हाचे पाच रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हती. ज्याला गांधीजींचे अक्षर हवे असेल, त्याने गांधीजींच्या कामाला थोडा तरी हातभार लावावा, असाच त्याचा अर्थ होता. मुलांपाशी पैसे नसतात. परंतु दुसरे मोल त्यांना देता येते. कवीची स्वाक्षरी हवी असेल, तर त्याच्या चार कविता आधी वाचाव्यात. खेळाडूची हवी असेल, तर त्याचा खेळ समजून घ्यावा. एवढे कष्ट ज्याने घेतले, त्याच्या वहीतील प्रत्येक पान बोलके होते.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला कधी कधी अनपेक्षित धडाही मिळतो. पुढे थोर चित्रपटकार म्हणून गाजलेले सत्यजित राय लहानपणी आपल्या आईबरोबर शांतिनिकेतनात गेले होते. त्यांच्या हातात एक नवी वही होती आणि पहिल्याच पानावर रवींद्रनाथ ठाकुरांनी काही लिहावे, अशी त्यांची इच्छा होती. रवींद्रनाथांनी वही ठेवून घेतली आणि परत देताना तीत आठ ओळींची कविता लिहून दिली. तिचा अर्थ मुलाला मोठेपणी कळेल, असे ते म्हणाले. दूरचे पर्वत व सागर पाहण्यासाठी वणवण करणारा मनुष्य आपल्या घराजवळचे दवबिंदूचे सौंदर्य मात्र पाहत नाही, असा त्या कवितेचा आशय होता. पुढे १९५५ मध्ये सत्यजित रायांचा ‘पथेर पांचाली’ हा पहिला चित्रपट प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी बंगालमधील एका साध्या खेड्याचेच जीवन दाखविले आणि ते साऱ्या जगाला आवडले.

गोंदिया जिल्ह्यातील मुलांना असा दवबिंदू शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध येथे माधवराव पाटील डोंगरवार नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. तेथील जंगलाची, तलावाची आणि पाखरांची त्यांना सखोल माहिती होती. मूळचे सोलापूरचे वनाधिकारी मारुती चितमपल्ली नवेगावला आले, तेव्हा ही रानविद्या त्यांनी माधवरावांकडून आदराने आत्मसात केली. पुढे चितमपल्ली मराठीतील नामवंत लेखक झाले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. त्यांची स्वाक्षरी मिळविण्यासाठी पुष्कळजण उत्सुक असत. पण ज्यांच्यापाशी ते स्वतः शिकले, त्या माधवरावांची स्वाक्षरी घ्यावी, असे त्या काळी गावातील किती मुलांना सुचले असेल?

यावर कोणी म्हणेल, की प्रसिद्ध माणसांच्या दर्शनाने मुलांना स्फूर्ती मिळते, मग त्यांच्या स्वाक्षऱ्या घेण्यात वावगे काय? वावगे काहीच नाही. थोर पुरुषाला एकदा जवळून पाहिल्याचा ठसा मनावर जन्मभर राहू शकतो. परंतु तो ठसा त्याच्या कार्याचा असावा, केवळ त्याच्या नावाचा नसावा. शिवाय, मागण्याचीही एक रीत असते. प्रवासाने शिणलेल्या, जेवायला बसलेल्या किंवा आप्तांशी बोलत असलेल्या माणसाला वहीसाठी अडविणे शोभत नाही. परवानगी न घेता कोणाचे छायाचित्र काढणे हेही असभ्यपणाचेच होय. ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते हसतमुखाने स्वीकारले पाहिजे.

ज्या मुलाला हा छंद लागला असेल, त्याने वहीचे पहिले पान आपल्याच गावासाठी राखून ठेवावे. दंडार करणारा म्हातारा कलावंत, नाना तऱ्हेची भातबियाणी ओळखणारी आजी, तलावातला मासा अचूक हेरणारा ढीवर, अशांपाशी त्याने बसावे, त्यांची विद्या ऐकावी आणि ती थोडक्यात टिपून घ्यावी. त्यांच्यापैकी एखाद्याला लिहिता येत नसेल, तर त्याचे नाव मुलाने आपल्या हाताने सुवाच्य लिहावे. त्यामुळे त्या पानाचे मोल कमी होत नाही. नवेगावचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. त्यांची स्वाक्षरी कोणाच्याही वहीत नाही. पण त्या पाण्यावर आजही पाखरे उतरतात.