सोनझाऱ्याचा अर्ज कुठे आहे?

इटियाडोह धरणाच्या भिंतीवर संध्याकाळी चार माणसे बसली की गप्पा सरकारवर यायला वेळ लागत नाही. कालव्याचे पाणी, रेतीघाटांचे लिलाव, तहसिलीत अडकलेली कागदपत्रे. मग कोणीतरी हुकमी पत्ता टाकतो: इंग्रजाच्या राज्यात अर्जाला किंमत होती, साहेब वाचायचा. गेल्या खेपेला तो एका निवृत्त मास्तरांनी टाकला आणि पुराव्याला थेट ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणी काढल्या. मास्तर वाचणारे आहेत. त्यांचा पुरावा झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून आधी तोच घेऊ.

1853 साली व्हिक्टोरिया वसाहतीत बेंडिगोच्या सोनेखोदूंनी गव्हर्नर ला ट्रोब यांच्याकडे अर्ज नेला. सोने सापडो न सापडो, परवान्याचे महिन्याला 30 शिलिंग मोजावे लागत. ते कमी करा, ही मुख्य मागणी. कागदाला कागद जोडत तो अर्ज कित्येक मीटर लांब झाला, हजारोंनी सह्या केल्या. पुढे 1855 मध्ये मासिक परवाना गेला, वर्षाला एक पौंडाचा खाणकरी हक्क आला आणि त्याबरोबर मतही. मास्तरांच्या मते हा अर्जाचा विजय.

मास्तरांनी मधले एक पान उलटले. ला ट्रोब यांनी मुख्य मागण्या धुडकावल्या होत्या. फी थोडी उतरली, पण परवाना तपासणाऱ्या पोलिसांचे छापे चालूच राहिले. 3 डिसेंबर 1854 च्या पहाटे बॅलरॅटजवळ युरेका इथे सैन्याने खोदूंच्या कुंपणावर हल्ला केला. निदान 22 खोदू मेले. राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने 13 जणांना सोडून दिले, तेव्हा कुठे सरकारला शहाणपण सुचले. अर्ज वाचला गेला हे खरे, पण वाचायला दीड वर्ष आणि 22 मुडदे लागले. त्याच 1855 मध्ये, त्याच वसाहतीने जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर बसवला. अर्ज चिन्यांनीही केले. खोदणारा गोरा आहे की पिवळा, हे पाहून साहेबाचा चष्मा बदलत होता.

आता घरी या. बेंडिगोचा अर्ज गेला त्याच 1853 च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी वारले आणि युरेकाच्या साली डलहौसीने राज्य खालसा केले. आपला भंडारा मुलूख, म्हणजे आजचा गोंदियाही, त्यातच गेला. राण्यांनी विनवण्या केल्या, वकील विलायतेपर्यंत धाडले. राज्य परत मिळाले नाही. वाड्यातले हत्तीघोडे लिलावात आणि जवाहीर कलकत्त्याला विक्रीला गेले. राजघराण्याच्या अर्जाची ही गत, तर नदीत उभ्या माणसाचे काय?

तो माणूस म्हणजे सोनझारी. वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाटच्या बाजूला देव आणि सोन या नद्यांच्या रेतीत काथवट हलवत सोन्याचे कण वेगळे करणारी ही जात. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या जातिग्रंथात तिची कुळे आणि चालीरीती तपशीलवार सापडतील. जात म्हणून सोनझारी सरकारला ठाऊक होता, खाणकरी म्हणून नव्हे.

यावर मास्तरांचे उत्तर तयार होते: अडाणी लोकांनी अर्जच केला नसेल, तर साहेबाचा काय दोष? मला हा खरा वादाचा मुद्दा वाटतो. 1881 च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्याचे 151 वे कलम काढून पाहा. बंदोबस्ताच्या कागदात किंवा सरकारी सनदेत उलट काही स्पष्ट लिहिलेले नसेल, तर सगळ्या खाणी आणि खनिजे सरकारची. काथवटीला सनद कुठली? बेंडिगोचा खोदू फी भरत होता, म्हणून फी जास्त आहे असे म्हणू शकला. सोनझाऱ्याने कोणत्या हक्कावर बोट ठेवायचे? आजोबा इथेच धूत होते, एवढाच त्याचा पुरावा, आणि तो लिहायला त्या कायद्यात रकाना नव्हता. आधी माणसाला कागदाबाहेर काढायचे आणि मग त्याचा कागद आला नाही म्हणून राज्य सुखी होते असे म्हणायचे, याला न्याय म्हणत नाहीत.

मग माझे म्हणणे काय? व्हिक्टोरियाकडून उसनवार घ्यायचीच, तर त्या लांबलचक अर्जाची घेऊ नये. 1855 च्या हक्कपत्राची घ्यावी. नाममात्र फी, नावाचा दाखला, आणि तंटा सोडवायला जागच्या जागी निवडलेली खाणकऱ्यांची कचेरी. आज रेती गौण खनिज, सोने प्रमुख खनिज, मालक सरकारच. वर धरण नव्या रेतीला अडवून धरते आणि खालची रेती ट्रॅक्टरने जाते. सोनझाऱ्यांची कुटुंबे सराफ्यातली झाडण आणि गटारांचा गाळ धुताना दिसतात. त्यांना नदीच्या ठरावीक पट्ट्यात हाताने रेती धुण्याचा दाखला द्यावा, पट्टा ग्रामसभेने ठरवावा, आणि घाटाचा लिलाव पुकारण्याआधी त्यांना विचारावे.

मास्तर हसले. म्हणाले, "अहो, दिवसभर धुऊन सोने निघते तरी किती?"

मी म्हटले, "तेवढेही सुटू नये म्हणून सरकारने कलम लिहिले होते."