शोकांतिका की शोकात्मिका? ‘मादोका मागिका’तील स्वभावविकासाचा प्रश्न

दिग्दर्शक आकियुकी शिनबो, पटकथाकार गेन उरोबुची आणि ‘शाफ्ट’ ही चित्रनिर्मितीसंस्था यांची ‘माहो शोजो मादोका मागिका’ ही बारा भागांची अ‍ॅनिमे मालिका जानेवारी ते एप्रिल २०११ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झाली. तिच्यासंबंधी दोन मते वारंवार मांडली जातात. पहिल्या मतानुसार या मालिकेत व्यक्तिरेखांचा विकासच होत नाही. कोवळ्या वयाच्या मुलींना फसवून चिरडले जाते आणि या क्रौर्यालाच शोकात्मिकेचे नाव दिले जाते. दुसरे मत स्तुतीचे आहे. मालिका ‘काळोखी’ आहे, म्हणून ती प्रौढ आहे, असे ते मानते. वरवर परस्परविरोधी वाटणारी ही दोन्ही मते वस्तुतः एकाच गृहीतावर उभी आहेत. या मुली केवळ बळी आहेत, हे ते गृहीत होय. आणि तेच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जादूगार मुलींच्या कथाप्रकाराला जपानी दूरचित्रवाणीवर दीर्घ परंपरा आहे. १९६६ साली सुरू झालेल्या ‘जादूगारीण सॅली’पासून १९९२च्या ‘सेलर मून’पर्यंत तिचे संकेत स्थिरावत गेले. मुलीला लाभणारे सामर्थ्य ही देणगी असते आणि रूपांतर हा मोठे होण्याचा आनंदसोहळा असतो. ‘मादोका’मध्ये ही देणगी करार बनते. क्यूबे नावाचा मांजरासारखा प्राणी मुलीची एक इच्छा पूर्ण करतो. मोबदल्यात तिने चेटकिणींशी लढावयाचे असते. तिचा आत्मा शरीरातून काढून रत्नात ठेवला जातो आणि ते रत्न नैराश्याने पूर्ण काळवंडले की तीच चेटकीण होते. जपानीत ‘शोजो’ म्हणजे मुलगी आणि ‘माजो’ म्हणजे चेटकीण. या कथाप्रकाराच्या ‘माहो शोजो’ या नावातच दडलेला अर्थ मालिका उघड करते. मात्र संकेतभंग म्हणजे शोकात्मिका नव्हे, हे स्तुतिकारांनी ध्यानात घ्यावयास हवे. तिसऱ्या भागातील मामीचा मृत्यू प्रेक्षकाला हादरवतो; परंतु हादरा आणि शोक यांची जात भिन्न आहे. काळोख हे वातावरण आहे, मूल्य नव्हे.

आक्षेपकांचा मुद्दा अधिक गंभीर आहे. कराराचा खरा अर्थ मुलींपासून लपवलेला असेल तर त्यांची कृती जबाबदार कृती ठरत नाही आणि जबाबदार कृतीवाचून शोकात्मिका संभवत नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो मान्य केल्यास इडिपसलाही शोकनायकांच्या पंक्तीतून उठवावे लागेल. कारण आपण कोणाला मारले आणि कोणाशी विवाह केला, हे त्यालाही ठाऊक नव्हते. अज्ञान ही शोकात्मिकेच्या विरोधी बाब नसून तिची पूर्वअट आहे. प्रश्न एवढाच, की ते अज्ञान केवळ बाहेरून लादलेले आहे की व्यक्तीच्या इच्छेतही रुजलेले आहे?

सायाकाची व्यक्तिरेखा याचे उत्तर देते. क्योसुके या व्हायोलिनवादक मित्राचा निकामी झालेला हात बरा व्हावा, ही तिची इच्छा. त्याचे स्वप्न पूर्ण व्हावे असे तिला वाटते की त्याची उपकारकर्ती व्हावेसे वाटते, हे स्पष्ट करून घे, असा इशारा मामीने तिला आधीच दिलेला असतो. सायाका इच्छा मागते ती या प्रश्नाला खऱ्या अर्थाने सामोरी न जाता. क्यूबे खोटे बोलत नाही. विचारले नाही ते सांगत नाही, एवढेच. मात्र स्वतःच्या प्रेमात परतफेडीची अपेक्षा आहे, हे सत्य क्यूबेने लपवलेले नाही. ते तिने स्वतःपासून लपवले आहे. अ‍ॅरिस्टॉटलने ज्याला प्रमाद म्हटले तो येथे आहे. हितोमी ही मैत्रीण क्योसुकेवरील प्रेम प्रकट करण्याचा मनोदय सांगते, तेव्हा हिला आपण वाचवले नसते तर, असा विचार सायाकाच्या मनात क्षणभर येतो. हेच तिचे अभिज्ञान. निःस्वार्थ रक्षणकर्ती ही तिची स्वप्रतिमा तेथे फुटते. तरीही ती प्रतिमा ती सोडत नाही आणि रत्न शुद्ध करण्याचे साधन समोर येऊनही नाकारते. तिचा नाश तिच्या सद्गुणातूनच होतो.

‘येथे विकास कोठे आहे?’ असे विचारणारे कादंबरीचे, विशेषतः घडणीच्या कादंबरीचे माप शोकात्मिकेला लावतात. कादंबरीतील व्यक्ती अनुभवातून घडत जाते. शोकात्मिकेतील व्यक्ती अनुभवाने कसोटीला लागते. अ‍ॅरिस्टॉटलने कथानकाला स्वभावाहून वरचे स्थान दिले, ते यामुळेच अर्थपूर्ण ठरते. कृतीतून स्वभाव सिद्ध होतो, आधी नव्हे.

आणि ज्यांना विकासच हवा आहे, त्यांच्यासाठी होमुरा आहे. दहाव्या भागात उलगडते, की ही थंड, कठोर मुलगी एकेकाळी रुग्णालयातून नुकतीच आलेली, बुजरी, चष्मा लावणारी विद्यार्थिनी होती. मादोकाला वाचवण्यासाठी तिने एकच महिना पुनःपुन्हा जगला आहे. परंतु प्रत्येक आवर्तनागणिक मादोकाचे नियतीशी असलेले धागे घट्ट होत जातात आणि ती अधिक समर्थ, म्हणूनच अधिक भयंकर चेटकीण होऊ शकते. वाचवण्याचा प्रयत्नच संकट वाढवतो. होमुराचा विकास आणि तिचा स्थितिविपर्यय या दोन घटना नसून एकच आहे.

शेवटी मादोकाच्या इच्छेवरील आक्षेप उरतो. भूत, वर्तमान आणि भविष्यातील सर्व चेटकिणी जन्मापूर्वीच स्वतःच्या हाताने नष्ट करण्याची तिची इच्छा शोकात्म आशय पुसून टाकते, असे म्हटले जाते. मराठी समीक्षेने ‘शोकांतिका’ आणि ‘शोकात्मिका’ असा जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. शोक अंती असणे ही गौण बाब. तो कृतीचा आत्मा असणे महत्त्वाचे. नव्या विश्वातही सायाका वाचत नाही. तिची इच्छा आणि त्या इच्छेचे मोल, दोन्ही कायम राहतात. केवळ तिचे दुःख शाप बनत नाही. अकरा भाग निष्क्रिय भासणारी मादोका त्या काळात पाहत आणि जाणत असते. म्हणूनच पूर्ण ज्ञानाने करार करणारी ती एकटी ठरते आणि त्याची किंमत म्हणून तिचे मानवी अस्तित्वच पुसले जाते. होमुराला हा तोडगा पेलवत नाही, हे २०१३च्या चित्रपटाने पुढे दाखवलेच.

विश्वाची ऊर्जा टिकवण्यासाठी किशोरवयीन मुलींच्या भावना हे सर्वांत कार्यक्षम इंधन आहे, असा क्यूबेचा हिशेब आहे. त्या भावनांमागे इच्छा, निवड आणि प्रमाद असू शकतो, हे त्याला कळत नाही. या मुलींना केवळ बळी मानणारी समीक्षा त्यांच्याविषयी कळवळा दाखवते खरी, पण त्यांची निवड तीही हिशेबात धरत नाही. शोकात्म प्रतिष्ठा राजे, सेनापती आणि प्रौढ पुरुष यांच्यापुरती राखून ठेवायची असेल तर तसे उघड म्हणावे. शास्त्राचा आधार घेऊ नये.