पाण्याला विचारून तारीख ठरवा!

मुलांनो, शाळेच्या गॅदरिंगची तारीख कोण ठरवतं? मुख्याध्यापक आणि बाई-सर. सहामाही परीक्षेची? तीही शाळाच. पण होड्यांच्या शर्यतीची तारीख कोण ठरवत असेल बरं? चला, आज आपणच ठरवून बघू.

समजा, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांसाठी नौकानयनाच्या, म्हणजे वल्ही मारून होडी चालवण्याच्या स्पर्धा भरवायच्या आहेत. जागा, आपल्या उजनी धरणाचा जलाशय. वर्षातून तीन फेऱ्या. कुणीतरी घाईघाईत कागदावर लिहिलं : पहिली फेरी मे, दुसरी ऑगस्ट, तिसरी फेब्रुवारी. "वा बाई, मे महिन्यात तर सुट्टीच असते!" असं तुम्ही म्हणणार, मला ठाऊक आहे. पण थांबा. वही-पेन्सिल घ्या. हा कागद आपल्याला दुरुस्त करायचाय.

आणि हो, "सोलापूरसारख्या कोरड्या भागात कसल्या होड्या?" असं म्हणून हसू नका. दत्तू भोकनळ हे नाव ऐकलंय? नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. पाण्याची टंचाई तिथलीही जुनीच. हा मुलगा सैन्यात गेला, तिथं नौकानयन शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याची होडी वल्हवत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई खेळांत चौघांच्या होडीत त्यानं सुवर्णपदकही मिळवलं. तेव्हा उठा, कामाला लागा.

आता पहिला प्रश्न : पाणी कधी असतं? उजनीत मावतं सुमारे ११७ टीएमसी पाणी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास पाणी मृतसाठा. ते कालव्याच्या तोंडापेक्षा खाली असतं. त्याच्या वरचं पाणी संपलं की पेपरात बातमी येते, 'उजनी मायनसमध्ये!' म्हणजे धरण रिकामं झालं असं नव्हे, तर राखून ठेवलेल्या साठ्याला हात लागला. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा जवळजवळ वजा ६० टक्क्यांपर्यंत घसरला होता. पाणी काठापासून दूर दूर सरकतं आणि मधे उरतो गाळ. शर्यतीच्या होड्या अरुंद आणि नाजूक असतात. त्या गाळातून ओढत न्यायच्या का? शिवाय त्या दिवसांत गावंच्या गावं टँकरची वाट बघत असतात.

दुसरा प्रश्न : वारा कसा असतो? हा प्रश्न जिवाचा आहे, म्हणून नीट ऐका. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली एक बोट उजनीच्या पाण्यात अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यानं उलटली. सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग जमतात आणि वळवाचं वादळ बघता बघता येऊन ठेपतं. रिओ ऑलिंपिकमध्येसुद्धा ७ ऑगस्ट २०१६ च्या सगळ्या शर्यती वाऱ्यामुळं रद्द करून पुढं ढकलाव्या लागल्या होत्या. जगभरचे खेळाडू तयार होऊन बसले होते, तरीही! तेव्हा मे महिन्यावर काट मारा. मारली? शाब्बास.

आता ऑगस्ट. आपल्याकडं पाऊस बेताचा, पण उजनी भरते ती पुण्याकडच्या, सह्याद्रीतल्या पावसानं. तिकडची धरणं भरली की पाणी भीमेला सोडतात आणि आपल्याकडं नुसतं ऊन पडलेलं असतानाही जलाशय चढत जातो. पुढं उजनी भरत आली की दरवाजे उघडावे लागतात आणि पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जातं. सांगलीला कृष्णेत पावसाळ्यातच होड्यांच्या शर्यती होतात हे खरं. पण तिथले वल्हवणारे नदीच्या अंगाखांद्यावर वाढलेले असतात. आपण नवशिके! ऑगस्टवरही काट.

उरला फेब्रुवारी. पाणी ठीक, हवा छान. पण दहावीच्या ताईला विचारा! पूर्वी दहावीची परीक्षा मार्चमध्ये सुरू व्हायची. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. बघा, एक वेळापत्रक सरकलं की त्याला चिकटलेली दहा वेळापत्रकं सरकतात. जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा! त्या दिवसांत कोण सोलापूर सोडून शर्यत बघायला येईल?

मग उरले दिवाळीनंतरचे दिवस, नोव्हेंबर आणि डिसेंबर. जलाशय बहुधा भरलेला, सकाळी वारा शांत, पाणी आरशासारखं. तीन फेऱ्या तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं बसवता येतील. मात्र आणखी दोघांना विचारायला हवं. एक, मासेमारी करणारे. त्यांची जाळी कुठं लावलेली असतात ते त्यांनाच ठाऊक. आणि दुसरे, थंडीत भिगवणच्या बाजूला येणारे रोहित पक्षी. ते उथळ पाण्यात चरतात. आपली रांग त्यांच्यापासून लांब आखायची.

झालं आपलं वेळापत्रक! पण एवढ्यावर भागत नाही. ठरलेली तारीखही कधी कधी मोडावी लागते. केरळात आलप्पुळाला १९५२ पासून चालत आलेली नेहरू ट्रॉफी शर्यत आहे. एकेका लांबलचक होडीत शंभराच्या आसपास माणसं वल्ही मारतात. ही शर्यत बरीच वर्षं ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होत असे. २०१८ साली महापूर आला, ती नोव्हेंबरात गेली. २०२४ मध्ये ३० जुलैला वायनाडला दरड कोसळून शेकडो माणसं दगावली. शर्यत पुढं ढकलली आणि २८ सप्टेंबरला झाली.

योग्यच झालं, नाही? पण दुसरी बाजूही बघा. होडी उतरवायची तर सरावाला, जेवणाला खर्च येतो. तारीख पुढं गेली की सराव पुन्हा सुरू करायचा, पैसे पुन्हा उभे करायचे. त्या शर्यतीत पहिल्या दोन होड्यांत फरक किती होता माहीत आहे? एका सेकंदाच्या हजार भागांतले पाच भाग! इतक्या थोडक्यात हरणाऱ्याला सरावाचा प्रत्येक बुडालेला दिवस आठवत असेल.

म्हणून तारीख बदलणाऱ्यानं दोन गोष्टी पाळाव्यात. कारण सगळ्यांना स्पष्ट सांगावं, आणि नवी तारीख लवकर सांगावी. 'पुढं बघू' एवढंच म्हणून मुलांना ताटकळत ठेवू नये. आणि ज्यांची तारीख बदलली त्यांनी रुसण्याआधी एवढंच विचारावं : ही कुणाच्या भल्यासाठी बदलली? जीव वाचावा म्हणून बदललेली तारीख म्हणजे हार नव्हे.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलांना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा. आणि फिरायला गेल्यावर लाईफ जॅकेट सगळ्यांना पुरत नसतील तर त्या होडीत बसू नका. मुलांनी कितीही हट्ट केला तरी!

या आठवड्याचा उपक्रम : आपल्या गावाजवळचा तलाव किंवा नदी निवडा. बारा महिन्यांचा तक्ता करा. पाणी, वारा, परीक्षा, जत्रा, पक्षी असे रकाने पाडा. आजोबांना विचारा, कोळीकाकांना विचारा. शेवटी कोणता महिना मोकळा राहतो ते बघा. तक्ते फळ्याशेजारी लावा आणि दोन तक्ते जुळले नाहीत तर भांडू नका, कारणं शोधा!

तुमच्या बाई