घरगुती विमानास डिझेल एंजिन

कांदिवलीस घराच्या गच्चीवर विमान बांधणारे श्री. अमोल यादव यांचें उदाहरण देऊन नाशिकचे एक तरुण वाचक पुसतात कीं, आपण बांधावयाच्या विमानास डिझेल एंजिन घ्यावें काय? मोह रास्त आहे. जेट विमानांचें इंधन त्यास चालतें व तें लागतेंही कमी. कल्पनाही जुनीच, पॅकर्डच्या डिझेल एंजिनावर अमेरिकेंत १९२८ सालीं विमान उडालें होतें. पण आंतील दाब मोठा, म्हणून एंजिन जड. शिवाय प्रत्येक स्फोटाचा हिसका पंख्यापर्यंत पोंचतो. मर्सिडीझच्या मोटार-एंजिनावरून जर्मनींत घडविलेल्या सेंटुरियनचा गिअर-बॉक्सही दर ३०० तासांनीं तपासावा लागे. तेव्हां मोटारीचें एंजिन स्वतःच बसविण्याचा बेत आमच्या मतें सोडावा. विमानासाठीं प्रमाणित झालेलें एंजिन महाग पडेल, हें खरें. परंतु त्या विमानांत घरचींच माणसें बसावयाचीं आहेत.