औषधाच्या कपाटाची किल्ली

वृद्धाश्रमात नव्याने दाखल होणाऱ्या व्यक्तीची औषधांची पिशवी पुष्कळ ठिकाणी पहिल्याच दिवशी कार्यालयात जमा होते. कपाटाला कुलूप लागते, किल्ली व्यवस्थापकाच्या खिशात जाते, आणि वर्षानुवर्षे स्वतःच्या मधुमेहाचा चोख हिशेब ठेवणारा माणूस त्या दिवसापासून गोळीसाठी हात पुढे करून बसतो. हे सारे सुरक्षिततेच्या नावाने चालते. ही सुरक्षितता नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

धोका काल्पनिक नाही. संधिवातावरील मेथोट्रेक्झेटची मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतली तर ती प्राणावर बेतते. न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि एकदा गोठले की ते टाकूनच द्यावे लागते. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी हाती पडते आणि वृद्ध माणूस ती दोन्ही घेतो. औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ मध्येच केली होती. नफ्याच्या बाजारपेठेत ती मागे पडली. तिची किंमत आज वृद्ध रुग्ण मोजीत आहेत.

परंतु काहींना धोका आहे म्हणून सर्वांचाच अधिकार काढून घ्यावा, हे न्यायाला धरून नाही. इंग्लंडमधील ‘नाइस’ या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत याच्या उलट भूमिका घेतली आहे. धोक्याच्या तपासणीतून अन्यथा दिसून येत नाही तोवर, निवासी व्यक्ती स्वतःची औषधे स्वतः सांभाळू व घेऊ शकते, असेच गृहीत धरावे, असे ती सांगते. म्हणजे अक्षमता दाखवून देण्याचे ओझे संस्थेवर येते. शिवाय हा प्रश्न ‘सर्व किंवा काहीच नाही’ असा नसतो. गोळ्या नीट घेणाऱ्या पण नजर अधू झालेल्या माणसाला केवळ इन्सुलिनपुरती मदत लागू शकते.

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम स्थापू ‘शकेल’, आणि तेथील वैद्यकीय सेवेचे मानदंड ठरवू ‘शकेल’. या एका क्रियापदात शासनाचे सारे दायित्व विरघळून जाते. परिणाम उघड आहे. ज्याच्या गाठी पैसा, त्याच्या उशाशी खाजगी परिचारिका. ज्याच्याजवळ तो नाही, त्याची औषधे तुटपुंज्या वेतनावरील अप्रशिक्षित सेविकेच्या हाती. चूक घडली की बळी जातो तोही त्या सेविकेचाच.

मागणी अवास्तव नाही. औषधे स्वतः घेऊ शकणाऱ्या प्रत्येकाच्या खाटेजवळ कुलपाचा एक खण, इन्सुलिनसाठी फ्रिज, दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंदवही, प्रशिक्षित व पुरेसे वेतन मिळणारी परिचारिका आणि बदलत्या प्रकृतीनुसार ठराविक काळाने फेरतपासणी, एवढ्या गोष्टी नियमांत बंधनकारक कराव्यात आणि निराधारांच्या आश्रमांत त्यांचा खर्च शासनाने उचलावा. आयुष्यभर राबून समाजाची संपत्ती निर्माण करणाऱ्या माणसाला अखेरच्या वर्षांत स्वतःच्या गोळीची किल्लीही नाकारणे, याला काळजी म्हणता येणार नाही.