फ्रांकोचे संपादनकार्य आणि वाङ्मयेतिहासाची दृष्टी

युक्रेनियन लेखक इव्हान फ्रांको (१८५६-१९१६) याचा विचार कवी, कथाकार आणि समीक्षक म्हणून करावा व त्याचे संपादनकार्य चरित्राच्या तपशिलात जमा करावे, असा मोह अभ्यासकाला होऊ शकतो. ही विभागणी मात्र स्वीकारार्ह नाही. फ्रांकोच्या बाबतीत नियतकालिक ही केवळ प्रकाशनाची सोय नव्हती. साहित्याची भाषा, वाचक आणि आकार यांची घडण तेथेच होत होती.

रशियन साम्राज्यात १८७६ च्या एम्स हुकुमाने युक्रेनियन मुद्रणावर कठोर निर्बंध आले आणि परदेशी छापलेली युक्रेनियन पुस्तके आणण्यासही मनाई झाली. ऑस्ट्रियाच्या अमलाखालील गॅलिशियातील ल्विव्ह शहराला त्यामुळे महत्त्व आले. तेथील ‘द्रुह’ (मित्र) हे विद्यार्थ्यांचे नियतकालिक आरंभी कृत्रिम, संमिश्र भाषेत निघत असे. मिखाइलो द्राहोमानोव्ह यांच्या पत्रांचा परिणाम होऊन ते लोकभाषेकडे वळले. तरुण फ्रांको याच वर्तुळात घडला.

१८७७ मध्ये समाजवादी चळवळीच्या आरोपावरून त्याला अटक झाली. सुटकेनंतर १८७८ मध्ये त्याने मिखाइलो पाव्लिक याच्यासह ‘ह्रोमाद्स्की द्रुह’ (लोकमित्र) सुरू केले. अंक जप्त होताच तेच कार्य ‘द्झ्विन’ (घंटा) आणि ‘मोलोत’ (हातोडा) या नावांनी पुढे चालले. ‘बोआ कन्स्ट्रिक्टर’ ही दीर्घकथा याच मालिकेतली. बोरिस्लाव्हच्या तेलखाणींतील कामगारांवरील ‘बोरिस्लाव्ह हसते आहे’ ही कादंबरी ‘स्वित’ (जग) या मासिकात १८८१-८२ मध्ये क्रमशः आली. मासिक बंद पडले आणि कादंबरी अपूर्ण राहिली. हे अपुरेपण निव्वळ रचनेचा दोष मानणारी समीक्षा त्या कृतीच्या जन्मस्थितीकडेच पाठ फिरवते.

या कार्याची किंमत फ्रांकोला मोजावी लागली, हे नाकारता येत नाही. १८८७ ते १८९७ ही दहा वर्षे उपजीविकेसाठी त्याने ‘कुर्येर ल्वोव्स्की’ या पोलिश दैनिकात घालवली. तथापि याच काळात, १८९४ मध्ये, पत्नी ओल्हा हिच्या सहकार्याने त्याने ‘झित्ये इ स्लोव्हो’ (जीवन आणि शब्द) सुरू केले. १८९८ पासून तो ‘लितेरातुर्नो-नौकोव्ही विस्त्निक’ या वाङ्मयीन व शास्त्रीय मासिकाच्या संपादनात मिखाइलो ह्रुशेव्स्की यांच्यासमवेत सहभागी झाला. लेस्या उक्राइन्का, कोत्स्युबिन्स्की यांसारख्या, रशियन हद्दीतील लेखकांचे साहित्य येथे गॅलिशियातील लेखनाशेजारी आले. राजकीय सीमेने दुभंगलेल्या भाषिक समाजाला सामायिक व्यासपीठ मिळाले ते असे.

समग्र वाङ्मयाच्या खंडांत कथा, कविता, लेख यांची स्वतंत्र वर्गवारी होते. ती सोयीची असली, तरी कोणती कथा कोणत्या लेखाशेजारी छापली गेली आणि कोणत्या जप्तीमुळे खंडित झाली, हे तीत दिसत नाही. फ्रांकोसारख्या लेखकाचे मूल्यमापन करू पाहणाऱ्या संशोधकाने म्हणूनच खंडांवर न थांबता मूळ अंकांपर्यंत गेले पाहिजे. संपादक फ्रांको वगळला, तर साहित्यिक फ्रांकोही अर्धाच हाती लागतो.